तळणगाडी

आमच्या भाऊजींचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की अख्ख्या गल्लीला भूक लागायची. ट्रक दिसायच्या आधी वास यायचा, कुणीतरी बटाट्याचे काप तळत असल्याचा. समोरचे निवृत्त मास्तर खिडकीतून हाक द्यायचे, "तळणगाडी आली, ताटं घ्या." भाऊजी केबिनमधून मान बाहेर काढून गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "उशीर केलात मास्तर, सगळं रस्त्यात संपलं."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सव्वीस वर्षं त्यांनी एका मालवाहतूक कंपनीत ट्रक चालवला. कंपनीने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा आपल्या हातातला ट्रक त्यांनी विकत घेतला. ताई म्हणाली, "लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात, आमचे हे ट्रक घेऊन आले." घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिच्यात ट्रक जेमतेम मावायचा. भाऊजींना उतरायचं झालं की पोट आत ओढून दरवाज्याच्या फटीतून बाहेर यावं लागे. पोट नव्हतंच म्हणून निभावलं.

तेलाचं खूळ त्यांच्या डोक्यात भरलं ते माझ्यामुळे. मी तेव्हा एका कारखान्याचं कॅन्टीन चालवत होते. नवरा गेल्यावर हातात तेवढंच होतं, आणि मी ते जिवाच्या करारावर चालवत होते. एकदा मागची मोरी तुंबली. प्लंबर मिळेना म्हणून भाऊजींना बोलावलं. त्यांनी नळीतून तळणाच्या तेलाचे थरच्या थर काढले, हातावर घेऊन बघितले आणि मला विचारलं, "छोटे, हे जळतं ना?"

"जळतं की. मागे कढईने पेट घेतला होता तेव्हा पडदा गेला माझा."

"मग फेकतेस कशाला?"

एवढंच बोलून ते गेले. मोरी अर्धवटच राहिली. मी पुढचे दोन दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

पुढचे चार महिने शेडमधून ठोकाठोक ऐकू येत होती. जुनी डिझेल इंजिनं फार नखरे करत नाहीत, जे द्याल ते खातात, फक्त पातळ आणि स्वच्छ पाहिजे, असं भाऊजींचं म्हणणं. त्यांनी ट्रकला दुसरी टाकी बसवली. पहिली डिझेलची, दुसरी तेलाची. इंजिनाचं गरम पाणी तांब्याच्या नळीने तेलाच्या टाकीतून फिरवलं, म्हणजे तेल तापून पातळ होईल. केबिनमध्ये पायाशी एक पितळी कॉक लावला. गाडी सुरू करायची डिझेलवर, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, आणि बंद करायच्या आधी आठवणीने परत डिझेलवर आणायची. नाहीतर नळ्यांत राहिलेलं तेल गार होऊन घट्ट बसतं आणि सकाळी गाडी जागची हलत नाही.

आता गंमत अशी की, नळ्यांतलं तेल संपून डिझेल आलं हे ओळखायचं धुराच्या वासावरून, आणि सव्वीस वर्षं डिझेल हुंगून भाऊजींचं नाक कामातून गेलेलं. म्हणून ते काम ताईकडे आलं. भाऊजी गल्लीच्या तोंडाशी कॉक फिरवायचे, दारात येऊन इंजिन चालू ठेवून बसायचे. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून वास घ्यायची. तळणाचा वास जाऊन डिझेलचा आला की ती म्हणायची, "गेला." मग ते किल्ली फिरवायचे. रोज. ताई त्यांच्यावर रुसलेली असली, आठवडाभर बोलत नसली, तरी तेवढा एक शब्द बोलायचीच. तिचं नाक म्हणजे त्या ट्रकचा सुटा भागच होता.

तेल गोळा करायला भाऊजी दहा ठिकाणी जायचे. दोन खाणावळी, एक बेकरी, कॉलेजचं वसतिगृह. जुन्या पँटचे पाय कापून त्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या, त्यांतून तेल आठवडाभर ठिबकत राहायचं. मग प्रत्येक डब्यातलं थोडं तेल औषधाच्या बाटलीत भरून एक रात्र ताईच्या फ्रीजमध्ये. सकाळी बाटली उजेडात धरून निकाल. बाटलीला कागद चिकटवून पेन्सिलीने लिहायचे कुणाचं तेल आणि निकाल काय. निकाल तीनच होते. पातळ राहिलं तर "चालेल". थोडं गढुळलं तर "उन्हाळ्यात चालेल". घट्ट झालं तर "फेका". ताई करवादायची, "दुधाला जागा नाही माझ्या फ्रीजमध्ये, आणि बेकरीवाल्याचं तेल राजासारखं बसलंय."

माझं तेल मात्र त्यांनी कधी तपासलं नाही. मी दर रविवारी, कॅन्टीन बंद असायचं तेव्हा, तेल कोमट करून गाळून डबे भरायची आणि रिक्षाने घेऊन यायची. ते झाकण उघडायचे आणि सरळ टाकीत ओतायचे. एकदा मीच म्हटलं, "माझी बाटली नाही का ठेवत?" तर म्हणाले, "घरच्या माणसाची परीक्षा घेतात का?" मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, कॉलर ताठ झाली होती.

पुढे एका थंडीत डोंगरापलीकडच्या शहराची खेप आली. भाऊजींची लेक तिथे राहायची आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. आमच्या इथल्या एका रोपवाटिकेची रोपं दर सोमवारी त्या शहरात जायची. मालकाने भाऊजींना सांगितलं, "पहिली खेप नीट पोचवा, मग दर सोमवार तुमचा." डिझेलवर ती खेप परवडत नव्हती. तेलावर परवडत होती. भाऊजींनी कॅलेंडरवर सगळ्या सोमवारांना गोल केले. एरवी चार वाक्यांत दिवस भागवणारा हा माणूस त्या आठवड्यात सारखा बोलत होता. नात पालथी पडायला कधी लागेल, रांगेल कधी, दर सोमवारी दुपारी दोन तास तरी मांडीवर मिळेल, असे हिशेब चालले होते. ताईसाठी केबिनमध्ये गादी शिवायला टाकली. पहिली खेप एकट्याने, दुसरीपासून जोडीने.

आणि त्याच आठवड्यात मी कॅन्टीनचं तेल बदललं. कुणीतरी सांगितलं, निम्मं वनस्पती तूप घाला, काप तासभर कुरकुरीत राहतात. राहिले खरंच. कारखान्याचे साहेबसुद्धा स्तुती करून गेले. रविवारी मी डबे घेऊन गेले तेव्हा भाऊजी ट्रकखाली आडवे होते. लांबच्या खेपेला इतरांचं तेल कमी पडत होतं, माझे तीन डबे धरूनच त्यांनी बेत केला होता. खालूनच त्यांनी विचारलं, "छोटे, तेल नेहमीचंच ना?"

मी घाईत होते. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. शिवाय मला वाटलं, आज बरी चौकशी करतायत. मी म्हटलं, "हो हो, तेच. तेलात काय असतं एवढं?" गरम असताना तेल आणि तूप एकाच चेहऱ्याची दिसतात. त्यांनी तिन्ही डबे ओतले.

सोमवारी सकाळी डोंगराच्या माथ्यावर ट्रक बंद पडला. टाकीतलं तेल गरम होतं, पण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीला बोचरं वारं लागत होतं, तिथे ते मेणासारखं गोठलं. भाऊजी एकटेच. तीन तासांनी दुसरा ट्रक आला, रोपं रस्त्यावरच उतरवून त्यात चढवली, त्यात निम्म्यांचे शेंडे मोडले. भाऊजींचा ट्रक ओढून परत आणला. लेकीच्या घरापासून तासाभरावर होते ते, पण तिकडे गेले नाहीत. संध्याकाळी मी धावत गेले तर ओट्यावर बसले होते, हात काळे, चेहरा उतरलेला. रोपवाटिकेचा मालक समोर उभा होता. त्याने विचारलं, "झालं काय नेमकं?" भाऊजी म्हणाले, "कळलं नाही अजून. बघतो."

मला कळलं होतं. फिल्टरमधून काढलेला पांढरा गोळा शेडच्या दारात पडला होता आणि तो मी ओळखला. रोज हाताळत होते, ओळखणार नाही तर काय. पण तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. आत्ता माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी गेले तर भाऊजी सगळ्यांना सांगत होते, "माझीच चूक. माथ्यावर मालाचे दोर बघायला गाडी बंद केली आणि कॉक फिरवायचा विसरलो." मास्तर म्हणाले, "बायकोचं नाक घरी विसरलात, असं म्हणा." सगळे हसले, भाऊजीही हसले. मालक हसला नाही. विसरभोळ्या माणसाच्या हाती जिवंत माल कसा द्यायचा, असं म्हणून त्याने ती खेप दुसऱ्याला दिली. आणि मी? माझा जीव भांड्यात पडला. कॉकच विसरले म्हणतात तर कॉकच विसरले असतील, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्याच आठवड्यात गुपचूप जुनं तेल सुरू केलं. कॉक फिरवायला ते जन्मात कधी विसरले नव्हते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी गप्प राहिले. आपलं पाप झाकायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

ट्रक पुढे चौदा वर्षं चालला. गावातल्या गावात विटा, पलंग, कपाटं वाहत. नात भेटायची वर्षातून दोनदा, सुट्टीत. पहिल्यांदा आली तेव्हा ती चालायला लागली होती आणि भाऊजींना बघून रडली. ते जरा लांब बसले आणि तिला ओळख पटेपर्यंत दिवसभर तिच्याकडे बघत राहिले. मी तेव्हा भांडी घासत होते, घासून घासून एका पातेल्याचं बूड पांढरं केलं. केबिनमधली गादी कोरीच राहिली. मी दर रविवारी डबे नेत होते, ते झाकण उघडून सरळ टाकीत ओतत होते. बाटली नाही, प्रश्न नाही. मग चहा, ताईची कुरकुर, भाऊजींचं एखादं वाक्य, आणि संध्याकाळी रिकामे डबे घेऊन मी घरी.

गेल्या थंडीत भाऊजी गेले. ट्रक न्यायला एक मेकॅनिक येणार होता म्हणून ताई आणि मी शेड आवरायला घेतली. पँटच्या पायांच्या पिशव्या, खिळ्यांचे डबे, पितळी कॉकचे जुने वायसर. सगळ्यात वरच्या फळीवर मागे एक औषधाची बाटली होती. आत पांढरं, दगडासारखं घट्ट. कागद पिवळा पडला होता, पेन्सिल मात्र स्पष्ट होती. वर त्या मंगळवारची तारीख, ट्रक बंद पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. खाली लिहिलं होतं, "छोटीचं. उन्हाळ्यात चालेल."

बेकरीवाल्याचं तेल याच्या निम्मं घट्ट झालं होतं तर त्यावर त्यांनी "फेका" लिहिलं होतं.

मी खालीच बसले. ताईने विचारलं, "काय गं?" मग मी सांगितलं. वनस्पती तूप, रिक्षावाल्याचा हॉर्न, "हो हो, तेच", सगळं. चौदा वर्षं आत दाबून ठेवलेलं दोन मिनिटांत संपलं. मला वाटलं, आता ताई माझं तोंडही बघणार नाही. तिचेही सोमवार मी घालवले होते.

ताईने बाटली हातात घेतली, उजेडात धरली, अगदी भाऊजी धरायचे तशी. म्हणाली, "फ्रीज कुणाचा होता?"

मग स्वतःच सांगू लागली.

"मंगळवारी सकाळी दूध काढायला गेले तर ही पुढेच होती. मी तणतणतच निघाले होते तुझ्याकडे, अर्धी चप्पल घातली होती. ह्यांनी अडवलं. म्हणाले, तिला काही बोलू नकोस. बोललीस तर ती लाजेने डबे आणायची बंद होईल. आणि डबे बंद झाले की रविवारची यायची बंद होईल. त्या घरात एकटी बसून राहील."

"आणि नात?" मी विचारलं.

"नातीला आई आहे, बाप आहे, म्हणाले. छोटीला कोण आहे?"

मला रडू आवरेना. चौदा वर्षं दर रविवारी मी रिक्षाचा खडखडाट सोसत ते डबे वाहिले, आणि मला वाटत होतं, मी त्यांना तेल देतेय.

बाहेर मेकॅनिक आला होता. त्याने ट्रक सुरू केला, इंजिन तापू दिलं, दारात आणून उभा केला आणि कागद मागायला इंजिन चालू ठेवूनच उतरला. शेवटचं तेल भाऊजींनीच टाकीत भरलेलं होतं, बहुतेक माझंच. पायाशी असलेला कॉक त्याच्या पायाने तेलाकडे फिरला असणार, त्याला ठाऊकही नसणार. गल्लीभर बटाट्याचे काप तळल्याचा वास पसरला. मी उठून केबिनमध्ये हात घातला आणि कॉक फिरवला. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. मेकॅनिक किल्लीकडे हात न्यायला लागला तशी मी त्याला म्हटलं, "थांबा जरा."

ताई बराच वेळ वास घेत राहिली. मग म्हणाली, "गेला."