चॅनल गेटची किल्ली

आमच्या अपार्टमेंटचा सचिव मी झालो, तो सभेला गैरहजर राहिल्यामुळे. हिंगोलीतली तीन मजल्यांची, बारा घरांची इमारत. सभेला जमले चार जण, आणि त्यांनी माझं नाव बिनविरोध लिहून टाकलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण रजिस्टर हाती आल्यावर मला त्याची गोडी लागली, हेही खरं. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांनी केलेले नियम पाळले होते. आता नियम मी करणार होतो.

खालून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या, तेव्हा पार्किंग आणि जिना दोन्ही आत येतील असं चॅनल गेट आम्ही बसवलं. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. रात्री दहा ते सकाळी सात गेट बंद, आणि मधे कुणी उघडलं तर लगेच पुन्हा कुलूप. किल्ली एकच. ती आठवडाभर एका घरी, मग दुसऱ्या. हा ठराव माझा.

आमचे अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "सगळ्यायला एकेक किल्ली देऊन टाका की."

"सर, बारा किल्ल्या झाल्या तर ते कुलूप कशाचं?"

"अन् कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं त?"

"ज्याची पाळी असेल त्याचं दार वाजवा."

ठराव मंजूर झाला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अन् आपल्या पाळीत तुमी सकाळी फिरायला गेल्यावर?"

"अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय?" मी म्हणालो.

आमच्या भागात जमीन गुरगुरते, कधी हलतेही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायकोचं माहेर कळमनुरीकडचं. तिकडे आवाज झाला की लोक अंथरूण-पांघरूण घेऊन अंगणात येतात. त्यावरून मी सासरच्या माणसांची भरपूर थट्टा केली आहे. खरं सांगायचं तर भीती मलाच जास्त वाटायची. तिसऱ्या मजल्यावर घर घेतल्यापासून झोपताना मी छताकडे बघायचो आणि कोपऱ्यातली बारीक भेग लांबली का, ते ताडून पाहायचो. हे बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

त्या आठवड्यात किल्ली आमच्याकडे होती. उजाडता उजाडता मी खाली उतरलो, बाहेरून कुलूप लावलं आणि समोरच्या मैदानात फेऱ्या मारायला लागलो. तिसरी फेरी चालू असेल. कुत्री एकदम भुंकायला लागली. मग खालून आवाज आला, भरलेला ट्रक घराशेजारून जावा तसा, पण ट्रक कुठेच नव्हता. पायाखालची जमीन हलली. मी वर पाहिलं. गॅलरीतल्या दोऱ्यांवरचे कपडे वारा नसताना झुलत होते आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी भिंतीवरून खाली येत होतं.

काही क्षणांत ते थांबलं. मग जिन्यावरून पायांचा धडधडाट ऐकू आला. इमारतीतली सगळी माणसं खाली आली आणि गेटशी अडली. लेकरं रडत होती, लोखंड खडखडत होतं. सगळ्यांत पुढे माझी बायको होती.

"अहो! किल्ली! किल्ली आणा लवकर!"

मी चाळीसएक पावलांवर उभा होतो. किल्ली माझ्या उजव्या मुठीत होती. कुलूप उघडायचं म्हणजे त्या इमारतीच्या पोटाशी जाऊन उभं राहायचं. एक धक्का बसला की मागून दुसरा येतो, हे सासुरवाडीत मी शंभरदा ऐकलं होतं. माझी पाचावर धारण बसली. पाय उचलेना. आणि मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी डाव्या हातानं खिसे चाचपायला लागलो. सदऱ्याचा, पायजम्याचा, पुन्हा सदऱ्याचा. किल्ली सापडत नाही असं मी बारा घरांना दाखवत होतो.

दोन मिनिटं गेली असतील, कदाचित तीन. सर ओरडत होते, कुणी दगड शोधा म्हणत होतं. आत दगड कुठून येणार? बायकोनं हाका मारणं थांबवलं. गजांना धरून ती नुसती बघत राहिली. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, माझ्या उजव्या हाताकडे. तिची हाक मला हलवू शकली नव्हती. तिच्या गप्प बसण्यानं हलवलं.

मी गेलो. किल्ली कुलपात जाईना. तिनं आतून हात घालून कुलूप घट्ट धरलं, तेव्हा ते उघडलं. सगळे मैदानात आले आणि थोड्याच वेळात दुसरा धक्का बसला. आधीच्यापेक्षा हलकाच होता. कुणाला खरचटलंही नाही. मी मात्र खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

त्या रविवारी सभा मैदानातच सतरंजीवर घेतली. छताखाली बसायला कुणी तयार नव्हतं. गणपूर्ती झालेली आमची ती पहिली सभा. सर उठले. "सचिव बाहेर सुखरूप होते. तरी जिवाची पर्वा न करता परत आले. किल्लीचं म्हणाल त, काखेत कळसा अन् गावाला वळसा, घाबरल्यावर होतं असं!" सगळे हसले. "त्यायच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतं?"

मी मान खाली घालून रजिस्टरवर पेन धरलं होतं. मागून बायकोचा आवाज आला.

"मी देते. पण किल्ली आता कोणाच्याच खिशात नको. आतून खिळ्याला टांगा."

दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर झाले. पहिला मला माझ्याच अक्षरात लिहावा लागला. सरांनी सांगितलेला 'तत्परतेने' हा शब्द मी गाळला. तेवढंच.

घरी आल्यावर ती पाण्याच्या बाटल्या आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवत होती. मी विचारलं, "तुला दिसली होती किल्ली?"

"व्हय."

"मग अनुमोदन काहून दिलंस?"

"इतक्या लोकांत आपल्या माणसाला उघडं पाडू का?" तिनं पिशवीची गाठ मारली. "अन् आले की तुमी. उशिरा आले, पण आले."

मला रडू आलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

किल्ली आता गेटच्या आतल्या बाजूला खिळ्याला असते. जमीन गुरगुरली की सगळे आधी तिकडे धावतात. बायको आधी माझ्या हातांकडे बघते.