अक्षरांच्या पायाशी बसणारे आकडे

रेहाना शेख मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते टंकलेखन यंत्राशी झटापट करताना. वडवणीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सहामाहीची रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका टाइप होत होती. लिपिक अक्षरं मारत होते आणि मॅडम शेजारी उभ्या राहून यंत्राचा रूळ हाताने किंचित फिरवत होत्या, आकडा मारून झाला की पुन्हा जागेवर आणत होत्या. मी विचारलं, यंत्र बिघडलंय का? "बिघडलं न्हाई सर," त्या म्हणाल्या, "पाण्याच्या सूत्रातला दोन खाली बसतो. त्याला ओळीत उभा केला तर पोरं तसाच शिकतील." रसायनशास्त्र मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण त्या दिवसापासून मॅडमची मला थोडी धास्तीच वाटत आली.

आठवडी बाजारात फळांची गाडी लावणाऱ्या वडिलांच्या त्या थोरल्या कन्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली खेड्यातली मुलं अकरावीला विज्ञान घेतात आणि सगळं इंग्रजीत ऐकून पहिल्याच महिन्यात गांगरून जातात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहायला घेतली, तीही फोनवर, म्हणजे ज्याला हवी त्याला लगेच पाठवता येतील. आता फोनवर हे बारके आकडे सहज मिळत नाहीत. दोनवर बोट दाबून धरलं की वर चढलेला दोन येतो, खाली बसलेला येत नाही. मॅडमनी काय केलं, तर खाली बसणारे सगळे आकडे कुठून तरी मिळवून एका निरोपात स्वतःलाच पाठवून ठेवले. सूत्र आलं की त्या निरोपाकडे जायचं, हवा तो आकडा उचलायचा, परत येऊन चिकटवायचा. एका पानाला अख्खी दुपार जाई. मी उत्साहाने एक पान टाइप करून दिलं, तर म्हणाल्या, "सर, तुमी दोन पाण्याच्या डोक्यावर बसवलाय. उतरवा त्याला."

त्यांच्या मायेचा अनुभव मी घरात घेतला आहे. माझी मुलगी बारावीला असताना विषमज्वराने अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडली. परीक्षा तोंडावर आलेली, पोर रडकुंडीला आलेली. मॅडम रोज टिपणं पाठवू लागल्या. आमच्या जुन्या फोनवर मात्र त्या आकड्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत. मी तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मॅडम दवाखान्यात हजर! खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळी सूत्रं हाताने लिहून दिली आणि मुलीला म्हणाल्या, "कावून रडतीस? ताप उतरंल, पेपर बी निघंल." मुलगी पास झाली. माझ्या पत्नीने तेव्हापासून ईदला त्यांच्या घरी जाणं कधी चुकवलं नाही.

आता तुमच्या हातातल्या या गौरवग्रंथाविषयी. मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांची टिपणं उत्तरार्धात छापायची असं गौरव समितीने ठरवलं आणि मुद्रितं तपासण्याचं काम मराठीच्या मास्तरावर, म्हणजे माझ्यावर आलं. छापखान्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला गेला आणि पहिली मुद्रितं आली. खाली बसणारे सगळे आकडे गळाले होते. आपण उच्छ्वासात सोडतो त्या वायूच्या जागी, दोन गळाल्यामुळे, माणूस मारणाऱ्या वायूचं सूत्र उरलं होतं. एवढं तरी मला कळलं. न कळलेलं किती असेल, या विचाराने झोप लागेना.

त्यात मॅडमच्या डोळ्यांचं समजलं. डाव्या डोळ्याने त्यांना आताशा उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्याचा पडदा सुटू लागला आहे, शस्त्रक्रिया तातडीने करायची आहे, आणि नंतर किती दिसेल हे सांगायला डॉक्टर तयार नाहीत. म्हणजे टिपणं छापलेली पाहायची तर आत्ताच. मी छापखान्यात ठाण मांडून बसलो. मजकूर नव्याने, फॉन्ट न बदलता लावून घेतला, मॅडमच्या मूळ निरोपांशी एकेक आकडा ताडून पाहिला आणि काल दुपारी मुद्रितं घेऊन त्यांच्या घरी गेलो.

मॅडम खिडकीशी बसल्या. एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं बोट ओळीखालून सरकतंय. पानामागून पान उलटत होतं. मग एका सूत्रावर बोट थांबलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "सर, हितं काय हाय?"

मी वाकून पाहिलं. आकडा जागेवर होता, ठळक छापलेला, अक्षराच्या पायाशी.

"चार आहे, मॅडम."

"खाली बसलाय ना?"

"बसलाय."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. त्यापुढे त्या प्रत्येक सूत्रावर थांबत गेल्या आणि मी आकडा सांगत गेलो. शेवटच्या पानापर्यंत असंच चाललं.

शस्त्रक्रिया परवा आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा तिचं काय झालं हे तुम्हाला ठाऊक असेल, मला आज ठाऊक नाही. मॅडमना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, हे तर आम्हा सर्वांचंच मागणं आहे. माझं आणखी एक आहे. मी सांगितलेल्या आकड्यांत एखादा तरी चुकलेला असावा, आणि तो मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून मला फोनवर चांगलं फैलावर घ्यावं.