ट्यूबांचा तराफा

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी अंगणात बसून मोडाचे वाल सोलले होते. नंतर महिना-दीड महिना मी चुलीला हात लावला नाही. मित्र डबा आणायचा, मी दोन घास खाऊन झाकून ठेवायचो.

शेवटी तो म्हणाला, "ऊठ लेका, गाढी नदीने खाडीपर्यंत जाऊ. इथं असाच मेलास तर खांदा मला द्यावा लागेल, आणि तू जड आहेस."

त्याचं कळंबोलीला पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या ट्यूबा बांबूंना बांधून आम्ही तराफा केला. माथेरानच्या डोंगराखालून निघालो, रात्री काठावर तो तीन दगडांची चूल मांडून रांधायचा, मग आम्ही ताडपत्रीखाली झोपायचो. तिसऱ्या दिवशी खाडीपाशी पोचलो आणि तराफ्यावरच दोघांचा डोळा लागला. जाग आली तर समोर आदल्या रात्रीची आमचीच चूल, तेच तीन दगड. आम्ही दोघे घाटावरचे, भरतीचं पाणी नदीत उलटं चढतं हे आम्हाला कुठलं ठाऊक?

तो गंभीर तोंडाने म्हणाला, "गड्या, आपण पोचलो की अजून निघायचंय?"

मला हसू फुटलं ते थांबेचना. तोही हसता हसता पाण्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी चूल पेटवून भात टाकला. भात कच्चा राहिला. दोघांनी सगळा संपवला.