धोटे घासायचं यंत्र निवडताना

एक यंत्र निवडायला आम्ही सहा महिने घेतले. यंत्र एकच आलं, किस्से मात्र अजून सांगून संपत नाहीत!

१९३५च्या आसपासची गोष्ट. भवानी पेठेत आमचा मागाचे धोटे, म्हणजे विणताना सूत इकडून तिकडं नेणारे लाकडी ठोकळे, करायचा कारखाना. धोटा जरा खरबरीत राहिला की विणताना सूत तुटतं. म्हणून मी आणि आमच्याकडं कामाला असलेली आनसूबाई बाकावर बसून प्रत्येक धोटा काचकागदानं घासायचो. तेवढ्यात हवेवर चालणाऱ्या घासणीची बातमी आली. माझे धाकटे दीर दत्तूभावजी खूश! "वैनी, यंत्र आलं की तुमी दोघी सुटला. घरात निवांत बसा की!"

निवांत! वीस वर्षं त्या बाकावर काढली होती मी. घरी बसायला?

*

पहिल्या एजंटाचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरायचा पंप, गोंडस, टाकी कळशीएवढी. आमच्या ऑइल इंजिनाला पट्टा जोडला, घासणी भुंग्यासारखी घुमली. दोन धोटे झाले. तिसऱ्याला आवाज बारीक होत होत बंद. टाकीतली हवा संपली! "जरा थांबा, भरतेय," एजंट म्हणाला.

तेवढ्यात आनसूबाईनं हातानं एक धोटा उरकला आणि यंत्राकडं बघून विचारलं, "ह्याला च्या देऊ का? लई दमलंय!"

*

मग भावजींनी हट्टानं सगळ्यात मोठा कॉम्प्रेसर मागवला. पट्टा चढवला मात्र, आमचं इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

मी म्हटलं, "भावजी, शेळीला मोटेला जुंपलंय तुमी!"

*

शाळा मी बघितलेली नाही. इंग्रजी अक्षरं औषधाच्या बाटल्यांवरून शिकले, आकडे कॅटलॉगावरून. मुंबईहून आलेल्या तिसऱ्या एजंटाला मी विचारलं, "ही घासणी मिनिटाला किती हवा खाते, आणि पंप किती देतो?"

तो भावजींकडं तोंड करून उत्तर देऊ लागला.

"अहो, प्रश्न हिकडनं आलाय! उत्तर पण हिकडंच द्या!"

आकडे जुळत होते. तोच जोड मी पसंत केला.

*

पण बसवताना त्यानं हवा ओढायचं तोंड मागच्या खिडकीत ठेवलं. खिडकीपलीकडं शेजारीण मिरच्या कांडत होती! घासणी सुरू झाली आणि अख्खा कारखाना शिंकायला लागला. एजंट डोळे पुसत म्हणतो, "मशीन... आक्छी!... फर्स्टक्लास आहे!"

पलीकडून शेजारणीनं विचारलं, "काय झालं वो?"

"काय न्हाय," आनसूबाई ओरडली, "मुंबईची हवा जरा तिखट हाय!"

*

शेवटी परीक्षा ठरली. हाताचे दहा धोटे, यंत्राचे दहा. पारख करणार आमचं जुनं गिऱ्हाईक, मल्लय्या विणकर. यंत्राचे सरस ठरले तर आम्ही दोघींनी घरी बसायचं, ही भावजींची अट.

आधी एजंटानं घासणी धरली. दाबली अशी, की लाकडात खड्डा! मग भावजी बसले. त्यांनी तर सगळा भार टाकला. मल्लय्या धोटा हातात घेऊन म्हणाला, "ह्यात आमटी वाढा."

मी उठले. घासणी घेतली. भाकरी थापताना हात जसा हलका ठेवतो, तसा ठेवला. दहा धोटे झाले.

मल्लय्यानं डोळे मिटून वीसच्या वीस धोटे गालावरून फिरवले आणि दहा उचलून बाजूला ठेवले. सगळे यंत्राचे!

भावजींनी टाळी वाजवली. "जिंकलं! वैनी, उद्यापास्नं घरी!"

मल्लय्यानं डोळे उघडले. "बरं, मग उद्यापास्नं यंत्रावर कोण?"

एजंटानं यंत्राला घालायच्या तेलाची बुधली उचलली, भावजींच्या समोरून नेली आणि माझ्या हातात दिली.