हळदीचे शहाऐंशी अंगठे

पंचफुला श्रावणात गेली, पण तिचे अंगठे गोपिकाबाईंच्या देवघराशेजारच्या भिंतीवर तसेच राहिले.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत ती रोज सकाळी पूजेची फुलं आणि बेल द्यायला यायची. नवऱ्यानं टाकलेली, अक्षरओळख नसलेली बाई. दहा रुपये साठले की गोपिकाबाईंच्या हातात ठेवायची. "तुमच्या देवापाशी राहू द्या, बाई." मग वाटीतल्या ओल्या हळदीत अंगठा बुडवून मातीनं सारवलेल्या भिंतीवर एक ठसा उठवायची. कागद नाही, पावती नाही. विळा लागून तिच्या अंगठ्याला आडवी चीर पडली होती, ती प्रत्येक ठशात दिसायची. असे शहाऐंशी ठसे.

ते आठशे साठ रुपये गोपिकाबाईंच्या यजमानांनी, रुपरावांनी, आपल्या लोखंडी पेट्यांच्या दुकानात घातले. दोन महिन्यांत परत ठेवतो म्हणाले होते. देवापुढचा डबा गोपिकाबाईंनीच काढून दिला होता. चौऱ्याहत्तर साली पत्र्याचे भाव चढले, उधारी बुडाली, दुकान बसलं. घेणेकरी दारात येऊन बसू लागले.

वकील म्हणाला, नादारीचा अर्ज करा. शपथेवर सगळ्या घेणेकऱ्यांची यादी द्यायची, दुकान विकून येईल ते कोर्ट वाटून देईल, उरलेल्यातून सुटका. पण पेपरात नाव छापून येणार, आणि मुलीचं, चारुशीलेचं, लग्न काटोलला जमत आलेलं. म्हणून रुपरावांचा ओढा भैयाजीकडे होता. हा भैयाजी इतवारीत बसून कर्जांच्या तडजोडी करून द्यायचा. रुपयाला सहा आणे देऊन गुपचूप मिटवतो म्हणायचा, दलाली वेगळी.

"सात जणांपाशी कागद आहे, सातांले देऊ," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "या फुलवालीचा कागद कुठं आहे?"

"भिंतीवर आहे," गोपिकाबाई म्हणाल्या.

"भिंत का बोलाले येते, वहिनी? मेलेल्या बाईचं कोण मागाले येऊन राहिलं? दसरा आला, चुना मारा न."

पंचफुलेची भाची कौसल्या हिंगण्याला राहते, हे गोपिकाबाईंना ठाऊक होतं. त्या रिकामी बशी उचलून आत गेल्या.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीला चुना दिला. तिन्हीसांजेला दिवा लावायला गेल्या, वात पेटवली. पांढऱ्या भिंतीवर अंगठे वर आले होते. पिवळे नव्हे, लालभडक. प्रत्येकात ती आडवी चीर. दुसरा हात दिला, तशी लाली आणखीच चढली.

"अहो, आली ती!"

"काहीबाही काहून बोलून राहिली वं? हळदीले चुना लागला तं लालच होते. तू घरी कुंकू कशाचं करतं मंग?"

खरंच की. वर्षानुवर्षं त्या हळदीला चुना लावूनच कुंकू करत आल्या होत्या, आणि नेमकं तेच कसं विसरल्या? कारण कळलं, पण अंगावरचा काटा काही जाईना. नऊ दिवस भिंतीला पाठ करून त्या पूजेला बसल्या. नऊही दिवस पाठीमागे कुणीतरी टोपली घेऊन उभं आहे असं वाटायचं. दारात बेल कुणी आणून देत नव्हतं, तरी ओल्या बेलाचा वास यायचा.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर त्या रुपरावांना म्हणाल्या, "तडजोड नको. कोर्टात जा. तिथं यादी तुमच्या शपथेवर होते, तिच्यात तिचं नाव टाका."

"अन् पोरीचं लग्न?"

"टाका, बाबा," आतून चारुशीलाच म्हणाली. "त्या भिंतीपाशी मले घास जात नाही."

गोपिकाबाईंनी कौसल्येला पोस्टकार्ड टाकलं. अर्जाची बातमी पेपरात आली आणि काटोलहूनही एक पोस्टकार्ड आलं. नकाराचं, दोन ओळींचं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात चपराशानं घेणेकऱ्यांची नावं पुकारली. "पंचफुला गणाजी हाजिर है?" एकदा. दोनदा. गोपिकाबाईंनी डोळे मिटून नामस्मरण धरलं. तिसऱ्या हाकेला मागून बाईचा आवाज आला, "आहे."

त्यांना मान वळवता येईना. मग चपराशापुढे कौसल्या येऊन उभी राहिली. "मावशी नाही, साहेब. मी आहे तिच्या जागी."

दुकानाच्या विक्रीतून रुपयाला चार आणे सुटले. कौसल्येला दोनशे पंधरा मिळाले. बाकीच्यातून कोर्टानं रुपरावांना मोकळं केलं.

गोपिकाबाईंना कुणी मोकळं केलं नाही. त्या आता लोकांचे पापड लाटून देतात. दहा रुपये झाले की हिंगण्याला जाऊन कौसल्येच्या हातात ठेवतात आणि घरी येऊन चाकूनं भिंतीवरचा एक अंगठा खरवडतात. अजून एकेचाळीस आहेत. पूजेला मात्र त्या आता भिंतीकडे तोंड करून बसतात.