याकुतियातलं शिळं पाणी

निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, आम्ही सैबेरियातल्या याकुतियाला गेलो. खूळ माझं. नवरा सुधीर "तिकडे थंडी असते, माहीत आहे ना?" एवढंच म्हणाला आणि कानटोप्या शोधायला लागला. मार्चअखेर निघालो, तेव्हा तिथली थंडी जरा माणसात येते. जाणार असाल तर रोख रूबल न्या. आपली कार्डं तिथे चालत नाहीत.

दिल्ली, मॉस्को, याकुत्स्क अशी विमानं बदलली आणि पुढे वडाप म्हणावी अशी, माणसं कोंबून भरलेली व्हॅन. हिवाळ्यात गाड्या गोठलेल्या लीना नदीवरूनच जातात. मी ती अख्खी नदी डोळे मिटून पार केली. गावात मुक्काम मार्फाबाईंकडे होता. त्यांची मुलगी तुयारा शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे गप्पांची सोय झाली. जेवायला गोठलेल्या माशाचे कच्चे काप होते. सुधीरने तीनदा घेतले, मी पाव आणि साय खाल्ली. चहा मात्र असा, की मी न लाजता तिसरा कप मागितला.

सकाळी सवयीने लवकर उठले. स्वयंपाकघरात पाण्याचं पिंप अर्धं भरलेलं. म्हटलं, बाईंना मदत करावी. कालचं शिळं पाणी अंगणात ओतलं, पिंप पुसून लख्ख केलं आणि नळ शोधू लागले. घरात नळच नव्हता.

तुयारा आली आणि रिकामं पिंप बघून थबकली. तिने खिडकीतून बर्फाच्या लाद्यांची चळत दाखवली. मला ती काल कुंपण वाटली होती. ते त्यांचं पिण्याचं पाणी होतं, नोव्हेंबरात तळ्यातून कापून आणलेलं. उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं, आणि लाद्या थोड्याच उरलेल्या.

"तळं इथलं नाही," ती म्हणाली. "सोव्हिएत काळात तळ्याकाठची घरं उठवून सगळ्यांना या गावात आणलं. आजीचं घर गेलं. पाणी मात्र आई अजून तिथलंच आणते."

मला रडूच फुटलं. एरवी "पाहुणी म्हणून आलीस की पाणीकपात करायला?" असं विचारणारा सुधीर खिडकीशी जाऊन त्या लाद्या बघत राहिला. त्याच्या आईचं माहेर धरणाखाली गेलंय.

मार्फाबाई आल्या. मी खालमानेने सांगितलं, "आमच्याकडे कालचं पाणी शिळं म्हणून ओततात." तुयाराने ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि बाई हसता हसता बाकावरच बसल्या.

"मग कालचा तुमचा चहा पाच महिन्यांचा शिळा होता!"

त्यांनी आपला जाड कोट मला चढवला आणि बाहेर नेलं. सुधीरने आणि मी एक लादी उचलून आणली. ती वितळेपर्यंत आम्ही चुलीपाशी बसून होतो. पुढचे चार दिवस फार सुखाचे गेले, पण मी त्या घरात पाण्याचा थेंबही सांडला नाही.

कर्वेनगरला परतल्यावर पहिल्याच सकाळी नळाला पाणी आलं. मी काल रात्री आल्यावर भरलेला हंडा मोरीकडे नेला.

"थांब," सुधीर म्हणाला. "आईच्या गावावरून येतं ते."

खरंच की! आमच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं. तीस वर्षं मी ते रोज सकाळी ओतत होते. हंडा परत ओट्यावर ठेवला आणि त्यातल्याच दोन कपांचा चहा टाकला.