माशीमांचं मेमरी कार्ड
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला बेहालातल्या आमच्या शेजारच्या माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, आठवतात. वारलेल्या नवऱ्यानं गायलेली, घरीच रेकॉर्ड केलेली गाणी ज्यात होती, ते मेमरी कार्ड माशीमा डांबराच्या गोळ्या घातलेल्या कपाटात रुमालात गुंडाळून ठेवत. एका रविवारी दुपारी ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “कॉम्प्युटरला हे दिसतच नाही रे. तू बघशील का?” मी आयटीतला, म्हणून त्यांचा माझ्यावर भारी विश्वास. मी कार्ड पुसलं, दुसऱ्या रीडरमध्ये घातलं, तरी काही होईना. तेवढ्यात पडद्यावर फॉरमॅट करायचं, म्हणजे सगळं पुसून टाकायचं का, असा प्रश्न आला. मॅच सुरू झाली होती, माझं अर्धं लक्ष टीव्हीकडे. मी न वाचताच ‘हो’ दाबलं. कार्ड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. नंतर तासभर खटपट केली, एकही गाणं परत आलं नाही. “कार्ड आधीच खराब झालं होतं, माशीमा,” मी म्हणालो. त्यांनी ते रुमालात ठेवलं आणि संध्याकाळी माझ्यासाठी नारळाचे लाडू आणले. मी आता पुण्यात असतो. दर विजयादशमीला त्यांचा फोन येतो. “त्या दिवशी किती धडपडलास रे माझ्यासाठी,” असं त्या अजून म्हणतात, आणि मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो.